अक्षरं हलतात

चष्मेवाल्यानं मुलीला वाचायला शिकवायचं मनावर घेतलं आणि घरातल्या शांततेचं वाटोळं झालं. सकाळी दात घासताना तो ‘स्‌स्‌स्‌’ करायचा, जिना उतरताना ‘ट्‌ ट्‌ ट्‌’, आणि बायको कामावरून येऊन बूट काढत असली की तिच्या कानाशी जाऊन ‘म्‌म्‌म्‌’. बायको शहरातली बस चालवायची. दिवसभर हॉर्न ऐकून आलेल्या त्या बाईनं हे चार दिवस सहन केलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, “तुला काही होतंय का? डॉक्टरकडे जाऊया?”

“फोनिक्स,” तो म्हणाला. “अक्षराचं नाव शिकवायचं नाही, आवाज शिकवायचा. मग आवाजाला आवाज जोडला की शब्द आपोआप तोंडातून बाहेर पडतो.”

“पण आपल्या अक्षराचं नाव आणि आवाज एकच असतो ना?”

ह्यावर चष्मेवाल्याकडे उत्तर नव्हतं. पण उत्तर नाही म्हणून गप्प बसणाऱ्यातला तो नव्हे. “तसं वरवर वाटतं,” तो म्हणाला. “त्यात शास्त्र असतं.”

हे शास्त्र त्याला फोनवरच्या एका ताईंनी शिकवलं होतं. ताई कायम हसत असायच्या, त्यांच्या मागं फुग्यांचं चित्र असायचं, आणि कुठलंही मूल घरच्या घरी वाचू लागतं, आईबाबांनी धीर तेवढा सोडू नये, असं त्या दर खेपेला सांगायच्या. चष्मेवाला हे व्हिडिओ दुकानात गिऱ्हाईक नसताना पाहायचा, आणि गिऱ्हाईक आलं तरी हातातला संपवूनच उठायचा.

एवढं मनावर घ्यायला कारण झाल्या शाळेच्या बाई. सुट्टी लागायच्या दिवशी त्यांनी त्याला थांबवून घेतलं. त्या त्याच्याच दुकानातून चष्मा घ्यायच्या, त्यामुळे बोलल्या अगदी घरच्यासारखं. “तुमची मुंगी हुशार आहे,” त्या म्हणाल्या. मुलीला सगळे मुंगीच म्हणायचे, कारण चालायला लागल्यापासून ती हरवली की साखरेच्या डब्यापाशी सापडायची. “गोष्ट तर अशी सांगते की सगळा वर्ग चिडीचूप. पण पुस्तक पुढं आलं की गडबडते. आपण असं करू, सुट्टी संपली की मी तिला एक पान वाचायला देईन. जमलं तर पुढच्या वर्गात. नाहीतर आणखी एक वर्ष ह्याच वर्गात काढू. त्यात काही कमीपणा नाही.”

कमीपणा नाही असं ज्या गोष्टीबद्दल मुद्दाम सांगावं लागतं त्यात तो किती असतो, हे सहा वर्षांच्या मुलांनाही कळतं. मुंगी बापाचं बोट धरून शेजारीच उभी होती. रस्ता ओलांडून झाल्यावर तिनं मान वर केली. मग म्हणाली, “म्हणजे सगळ्याजणी वर जाणार आणि मी खालीच राहणार?”

“छे! मी आहे ना. सुट्टी संपायच्या आत तुला फडाफडा वाचायला शिकवतो.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे नक्की.” शब्द देऊन बसला. आता तो पाळायचा कसा, हे शोधायला त्यानं फोन उघडला आणि त्याला ताई सापडल्या.

सुरुवात तर झकास झाली. चष्म्याच्या फ्रेमा ज्या खोक्यांतून यायच्या त्यांचा पुठ्ठा कापून त्यानं तळहाताएवढे तुकडे केले आणि प्रत्येकावर जाड काळ्या मार्करनं एकेक अक्षर काढलं. प्रत्येक आवाजाला एक हातवारा होता. ‘स’ला हाताचा साप, ‘ट’ला टिचकी, ‘फ’ला मेणबत्ती विझवल्यासारखी फुंकर. मुंगीनं अक्षरं अशी पटापट उचलली की चष्मेवाल्याला वाटलं, आपण दुकान उगाच चालवतो, आपला खरा पिंड शिक्षकाचा. हातवारे इतके अंगवळणी पडले की एका आजोबांनी “ही फ्रेम सोनेरी आहे का?” विचारल्यावर त्यानं त्यांना आधी साप करून दाखवला.

कानानं तर मुंगी कमालच करायची. जेवताना तो म्हणायचा, “द्‌... आ... र,” आणि ती घास तोंडात ठेवून ओरडायची, “दार!” “ख... इ... ड... क... ई.” “खिडकी!” मग उलट ती त्याला कोडी घालायची, आणि “फुलपाखरू”चे तुकडे ऐकताना बापच मध्ये कुठंतरी अडकायचा. शेजारच्या किल्लीवाल्याला, कोपऱ्यावरच्या पाववाल्याला, चष्मा दुरुस्त करायला आलेल्या अनोळखी माणसालाही त्यानं सांगून टाकलं की आमची मुलगी वाचायच्या बेतात आहे, आज-उद्या कधीही सुरू होईल.

मग त्यानं पुस्तक आणलं. पातळसं, प्रत्येक पानावर एक चित्र आणि खाली चार ओळी. मुंगीनं ते पुढं ओढलं, त्याच्याकडे पाहिलं, डोळे चोळले, मान मागं घेतली, चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, “मांजर झोपलंय.”

“ते चित्रात आहे. खाली काय लिहिलंय?”

मुंगीनं खाली पाहिलं. “मांजर... गाढ झोपलंय.”

खाली ‘घर मोठे आहे’ असं लिहिलं होतं.

चष्मेवाला डगमगला नाही. आवाज येणं वेगळं आणि ते ओळीत जोडणं वेगळं, हा घाट अवघडच असतो, असं ताईंनी सांगून ठेवलं होतं. मुलं ह्या टप्प्यावर सबबी काढतात, हेही. मुंगीच्या सबबी ठरलेल्या होत्या. आधी तहान लागायची, मग शू लागायची आणि शेवटी डोकं दुखायचं. चष्मेवाला पाणी देऊन, शू करवून आणून पुन्हा पुस्तकापुढं बसवायचा. डोकेदुखीवर त्याचा विश्वासच नव्हता. “खेळताना बरं दुखत नाही,” तो म्हणायचा, आणि आपण किती बारीक निरीक्षण केलं म्हणून मनात खूश व्हायचा.

मग त्यानं उपाय वाढवले. प्रत्येक आवाजाला एक उडी. प्रत्येक शब्दाला एक चमचमता तारा. ताटात पीठ पसरून त्यात बोटानं शब्द काढणं. आंघोळीच्या वेळी भिंतीवर साबणानं लिहिणं. आणि गंमत बघा, पिठातला ‘नळ’ तिनं वाचला, भिंतीवरचा साबणाचा ‘मगर’ वाचला, बायकोनं वाफ धरलेल्या आरशावर बोटानं लिहिलेला ‘बदक’ तर लांबूनच वाचला. पुस्तक उघडलं की पालथ्या घड्यावर पाणी.

ह्यातून अर्धवट अक्कल असलेल्या माणसालाही काहीतरी सुचलं असतं. चष्मेवाल्याला पूर्ण अक्कल होती, त्यामुळे त्याला भलतंच सुचलं. “म्हणजे येतंय तिला,” तो बायकोला म्हणाला. “येतंय, पण करत नाहीये. हट्ट आहे सगळा. तुझ्यावर गेलीय.”

बायको सफरचंद चिरत होती. ती थांबली. “तिचे डोळे बघितलेस का एकदा?”

चष्मेवाला हसला. नुसता हसला नाही, खुर्चीत मागं रेलून हसला. डोळे! त्याला! रस्त्यानं चालताना समोरच्याचा नंबर ओळखायची त्याला खोड होती. डोळे बारीक करून बसची पाटी वाचणारा दिसला की तो बायकोला कोपर मारायचा, “उणे दीड. लाव पैज.” हात लांब करून पेपर वाचणारा दिसला की, “अधिक दोन, आणि बायकोला कळू देत नाहीये.” एका लग्नात तर त्यानं खुद्द नवऱ्या मुलालाच सांगितलं होतं की तुझा डावा डोळा तपासून घे. दुकानात, तपासणीच्या खुर्चीशेजारी, भिंगांच्या कंपनीनं दिलेलं मोठं भित्तिपत्रक त्यानं वर्षानुवर्षं लावून ठेवलं होतं आणि मूल घेऊन आलेल्या प्रत्येक आईबापाला त्यावर बोट ठेवून तो व्याख्यान द्यायचा. आणि ह्या माणसाला विचारायचं, मुलीचे डोळे बघितलेस का!

“गेल्या वर्षीच तपासलेत,” तो म्हणाला. “विसरलीस? तक्त्याची गंमत?”

गंमत अशी होती. शाळा सुटली की मुंगी दुकानात यायची आणि आई येईपर्यंत काउंटरमागच्या स्टुलावर बसायची. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर एक भलंमोठं अक्षर आणि खाली लहान-लहान होत गेलेल्या ओळी. गेल्या वर्षी बायकोनं असंच काहीतरी मनात आणल्यावर त्यानं मुंगीला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, “वाच बघू.” अजून सगळी अक्षरं शिकायची होती तिची, तरी मुंगी गडगडत सुटली, “ट. प, ल. ग, म, न. र, च, द, व. थांबा हं... ब, स... क बहुतेक. ह्याच्या खालचं नाही हो दिसत. लाइट जरा कमी आहे का तुमच्याकडे?”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं पोट धरून हसली. चष्मेवाला डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. हुबेहूब गिऱ्हाईक! ते ‘थांबा हं’, तो ‘बहुतेक’, लाइटवर ढकलणं तर रोजचंच. पुढं महिनाभर तो हे येणाऱ्या-जाणाऱ्याला नक्कल करून सांगत होता. नजर एकदम उत्तम, शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलं पोरीनं, असा शेराही वर मारत होता. वाचायला न येणाऱ्या मुलीनं तक्ता वाचला कसा, हा प्रश्न त्याला पडला नाही. हसण्याच्या भरात कुणाला कसले प्रश्न पडतात!

“आणि जवळचं न दिसणं हा चाळिशीनंतरचा मान आहे,” तो बायकोला म्हणाला. “सहाव्या वर्षी नसतो मिळत.”

बायकोनं सफरचंदाची फोड तोंडात टाकली आणि विषय सोडून दिला. चार माणसांत ज्याला त्या विषयातलं कळतं त्याच्याशी किती वाद घालायचा?

सुट्टी सरत आली. ताऱ्यांचं पाकीट संपलं, ताईंचा धीर संपला नव्हता, पण चष्मेवाल्याचा संपला. एका संध्याकाळी मुंगी पुस्तकावर मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलवत होती, खुर्चीत चुळबुळत होती, आणि ‘आई’पासून पुढं सरकत नव्हती.

“लक्ष कुठंय तुझं?”

“बाबा, अक्षरं हलतात.”

“अक्षरं हलत नाहीत!” तो ओरडला. “तू हलतेस! एक मिनिट नीट बसशील तर वाचशील!”

मुंगी हलायची थांबली. इतकी थांबली की बघवेना. दोन्ही हात मांडीखाली घालून ती ताठ बसली आणि पुस्तकाकडे पाहत राहिली, आणि तिच्या नाकावरून एक थेंब पानावर पडला. चष्मेवाल्यानं पुस्तक मिटलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण चूक आपण ओरडण्यात केली एवढंच त्याला वाटलं. बाकी आपलं बरोबर आहे, ह्याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या मागच्या खोलीत काच घासत बसला होता आणि बाहेर मुंगी बाहुलीशी खेळत होती. बाहुलीला तिनं तपासणीच्या खुर्चीत बसवलं होतं आणि पुढं पुस्तक ठेवलं होतं. “लक्ष कुठंय तुझं?” ती बाहुलीला म्हणाली. “अक्षरं हलत नाहीत. तू हलतेस.” मग बाहुलीच्या बारीक आवाजात उत्तर आलं, “मी ना, ढ आहे. मला खालच्याच वर्गात ठेवा.”

चष्मेवाल्याच्या हातातली काच घासायच्या चाकावर तशीच राहिली आणि कडेला टवका उडाला. त्याला बाहेर जाऊन मुलीला कुशीत घ्यायचं होतं, पण कुशीत घेऊन सांगणार काय? शब्द दिला होता, तो मोडल्यातच जमा होता. शाळा उघडायला आठवडा उरला होता. त्या दुपारी त्यानं फोनवरच्या ताईंना पहिल्यांदाच एक शिवी हासडली, मनातल्या मनात.

दुकान बंद असायच्या दिवशी तो नवा तक्ता लावायला गेला. जुना पिवळा पडला होता. आता आतून दिवा असलेला, पांढराशुभ्र तक्ता भिंगांच्या कंपनीनं पाठवला होता. बायको ड्यूटीवर होती, म्हणून मुंगीही बरोबर आली. त्यानं जुना तक्ता उतरवला, नवा टांगला, बटण दाबलं. उजेड कसा पडतोय ते खुर्चीतून बघायला हवं होतं, आणि खुर्चीत बसून बटणं फिरवणं एकाच माणसाला जमणारं नव्हतं.

“मुंगे, बस जरा गिऱ्हाइकासारखी.”

मुंगी तीच एक गोष्ट करायला अजून राजी होती. उडी मारून बसली, पाय हलवले, तक्त्याकडे पाहिलं आणि सुरू झाली, “ट. प, ल. ग, म, न. र, च, द, व. थांबा हं...”

चष्मेवाला हसला. सवयीनंच हसला. “थांबा हं”ला त्याला नेहमीच हसू यायचं. हसता हसता त्यानं तक्त्याकडे पाहिलं. वरचं भलंमोठं अक्षर ‘न’ होतं. त्याखाली ‘ब’ आणि ‘र’. सबंध तक्त्यावर ‘ट’ कुठंही नव्हता.

तो आणखी थोडा वेळ हसतच होता, कारण तोंडाला अजून बातमी पोचली नव्हती.

“मुंगे,” तो खुर्चीपाशी येऊन म्हणाला. “तू हे बघून म्हणतेस की पाठ म्हणतेस?”

“पाठ,” मुंगी म्हणाली. “सगळे असंच म्हणतात ना? ह्या खुर्चीत बसल्यावर हेच म्हणायचं असतं.”

बरोबरच होतं तिचं. जन्मापासून तिनं त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक माणसाला हेच म्हणताना ऐकलं होतं. कुणी जरा चुकत, कुणी जरा अडखळत, पण गाणं तेच. बापानं खुर्चीत बसवल्यावर तिनं शहाण्या मुलीसारखं ते म्हणून दाखवलं होतं, आणि बाप खूश होऊन हसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण चष्मेवाल्याचं म्हणजे दिवाही त्याचा, अंधारही त्याचा, आणि वर्षभर त्या अंधाराची नक्कल करून दाखवणारा गाढवही तोच. आपल्या भाषेत डोळ्यांवरून एवढ्या म्हणी का आहेत, ते त्याला त्या दिवशी कळलं. सगळ्या त्याच्यासाठी करून ठेवल्या होत्या.

त्यानं तपासणीची ती जड, गोल फ्रेम काढली, जिच्यात काचा घालता-काढता येतात. मुंगीच्या नाकावरून ती घसरायला लागली, म्हणून मागं रुमालाची गाठ मारली. तक्ता दिवा लावून उभा होता, पण तो तिकडे वळला नाही. त्यानं तिच्या दप्तरातलं ते पातळ पुस्तक काढलं आणि तिच्या हातात दिलं.

“मला वाचायचं नाही,” मुंगी लगेच म्हणाली.

“वाचू नकोस. नुसतं बघ आणि सांग. हे बरं,” त्यानं एक काच घातली, “की हे?”

आयुष्यात हजारो माणसांना विचारलेला प्रश्न. मुंगीला तोही पाठ होता, उत्तरासकट. “दोन्ही सारखंच वाटतंय हो,” ती गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणाली.

“गिऱ्हाइकाचं सांगू नकोस, राणी. तुझं सांग. तुला काय दिसतं ते. काहीही सांगितलंस तरी मी ओरडणार नाही.”

मुंगीनं त्याच्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि मग पुस्तकात पाहिलं. त्यानं काच बदलली. आणखी जाड. आणखी थोडी जाड. मग त्यावर दुसरी एक काच घालून ती हळूहळू फिरवत नेली. फिरवता फिरवता एका ठिकाणी मुंगीचा हात वर आला आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

“बाबा, थांबली.”

“काय थांबली?”

“अक्षरं.”

चष्मेवाला तिच्यापुढं फरशीवर बसला. फोनवरच्या सगळ्या आवाजांत चूक कबूल करायचा आवाज कुठं शिकवला नव्हता. शेवटी तो म्हणाला, “हलत होती गं ती. तू खरं सांगत होतीस. तू नव्हतीस हलत. माझंच चुकलं.”

“मग ओरडलास का?”

“मूर्ख आहे म्हणून.”

मुंगीनं फ्रेममधून त्याला नीट निरखून पाहिलं. “ढ?”

“ढ,” तो म्हणाला. “शेवटच्या बाकावरचा.”

ती हसली. मग पुस्तकावर वाकली, आणि टेबलावरून काहीतरी चाललेलं दिसलं म्हणून थबकली. “बाबा! मुंगीला पाय आहेत! किती बारीक आहेत!” सहा वर्षं हे नाव मिरवणाऱ्या मुलीनं खरी मुंगी पहिल्यांदाच धड पाहिली होती. चष्मेवाल्यानं तोंड फिरवून डोळे पुसले आणि मग त्या मुंगीला टिपायला न धावता टेबलाच्या पार टोकापर्यंत जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं आणि नंबर सांगितला. भरपूर अधिक, शिवाय तिरका. “लांबचं कसंबसं ओढून नेत होती,” त्या म्हणाल्या, “पण जवळचं छोटं अक्षर म्हणजे हिला शिक्षाच. डोकं दुखायचं का गं?” मुंगीनं मान डोलावली. डॉक्टरांनी बापाकडे पाहिलं आणि विचारलं, “आपण काय करता?” पेशा सांगायची चष्मेवाल्याला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

बायकोला त्यानं फोनवर सांगितलं. ती शेवटच्या थांब्यावर बस उभी करून चहा पीत होती. त्याला वाटलं, आता धो धो ऐकून घ्यावं लागणार, आणि त्याची तयारीही होती. पण तिनं आधी नंबर किती ते विचारून घेतलं. मग म्हणाली, “अख्ख्या गावाचे डोळे तपासून झाले, मग घरी आलास होय?” आणि तिचा आवाज फाटला. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

चष्मा त्यानं स्वतः केला. मुंगीनं टोमॅटोसारखी लाल फ्रेम निवडली. काचा घासताना तो एवढा जपून बसला होता की किल्लीवाला दोनदा डोकावून गेला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, “राजाची ऑर्डर आहे का?” चष्मा नाकावर बसला आणि उरलेल्या दिवसांत पुस्तकातल्या ओळी हळूहळू उलगडायला लागल्या. सगळे आवाज तिच्याकडे तयारच होते, फक्त ते कुठं ठेवायचे ती जागा आता दिसायला लागली होती. चष्मेवाला शेजारी बसायचा आणि तोंडातून ‘म्‌म्‌म्‌’ निघायला लागलं की स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायचा.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बाई दुकानात आल्या. त्यांच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. स्टुलावर लाल चष्मा लावलेली मुंगी पाहून त्या क्षणभर थबकल्या, मग सगळं समजल्यासारखं “अरेच्चा!” म्हणाल्या. चष्मेवाला स्क्रूमध्ये इतका गुंतला की एरवी क्षणात होणारं काम त्याला काही केल्या होईना.

“उद्याचं पान आजच वाचतेस का?” बाईंनी मुंगीला विचारलं. “मग उद्या नुसतं खेळू.”

“पुस्तक घरी आहे,” मुंगी म्हणाली.

“पुस्तकच कशाला हवं? इथं काय कमी लिहिलंय? वाच काहीतरी.”

मुंगीनं दुकानभर नजर फिरवली. तक्त्याला तिनं वगळलं, तो तिच्या मते वाचायचा नसून म्हणायचा होता. तिची नजर खुर्चीशेजारच्या भित्तिपत्रकावर थांबली. ती स्टुलावरून उतरली, त्याच्या अगदी पुढं जाऊन उभी राहिली, आणि चष्मेवाल्याच्या हातातला स्क्रू खाली पडला.

“म्‌... उ... मु. मुलां... मुलांचे,” मुंगीनं सुरू केलं. “डो... डोळे. मुलांचे डोळे. वे... ळे... वर. वेळेवर. त... पा... सून. तपासून घ्या.” तिनं श्वास घेतला. मोठ्या ओळीखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. वर्षानुवर्षं त्यावर बोट ठेवून तो लोकांना व्याख्यान देत आला होता. मुंगी वाकली, बोट टेकवलं. “ल... हान. लहान मुले. त्रास. लहान मुले त्रास... सां... ग... त. सांगत. नाहीत.”

“शाब्बास!” बाई म्हणाल्या.

पण मुंगीचं लक्ष नव्हतं. ओठ हलवत तिनं ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मग ती वळली. “बाई, हे चुकीचं लिहिलंय,” ती म्हणाली. “मी सांगितलं होतं.”

बाहेर एक बस थांब्यावर आली, दारं उघडली, मिटली, निघून गेली. बाईंनी भित्तिपत्रकाकडे पाहिलं, मग चष्मेवाल्याकडे पाहिलं, आणि बिनचष्म्याच्या डोळ्यांनीही त्यांना जे दिसायचं ते दिसलं.

“तू पुढच्या वर्गात,” त्या मुंगीला म्हणाल्या. “अगदी नक्की.”

“आणि बाबा?”

बाई जरा विचारात पडल्या. “त्यांना ह्याच वर्गात आणखी एक वर्ष बसवू,” त्या म्हणाल्या. “त्यात काही कमीपणा नाही.”

चष्मेवाला फरशीवर गुडघे टेकून स्क्रू शोधत होता. त्यानं मान वर न करता म्हटलं, “हो, बाई.”